तरंगंबाडीचा कोट आणि राजनायकनचा प्याला

तंजावरला जाऊन आलेला मराठी माणूस परतल्यावर दोन गोष्टी हमखास सांगतो. एक, सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडीची दप्तरे. आणि दुसरी, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख. एवढ्या दूर, कावेरीच्या काठी, आपली भाषा दगडावर वाचायला मिळते याचा त्याला अभिमान वाटतो. मलाही वाटला. शिक्षकी पेशात हयात गेल्यामुळे कोरलेली अक्षरे दिसली की पाय थांबतातच. परंतु त्या शिलालेखासमोर उभा असताना माझ्या तमिळ मित्राने एक प्रश्न विचारला. हा मित्र महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि चळवळीत काम करतो. तो म्हणाला, "सर, या भिंतीवर राजांची वंशावळ आहे. राजांच्या फौजेत आमची माणसे होती. त्यांची वंशावळ कुठे वाचायची?" उत्तर माझ्याजवळ नव्हते. तो म्हणाला, "मग उद्या तरंगंबाडीला चला."

तरंगंबाडी म्हणजे गाणाऱ्या लाटांचे गाव. इंग्रजी पुस्तकांत याचेच नाव ट्रँकेबार असे येते. आता हे मयिलाडुतुरै जिल्ह्यात आहे. बसमधून उतरले की समोर पांढरी शुभ्र वेस दिसते. वेशीवर १७९२ हे साल आहे. वेशीतून आत शिरले की सरळ समुद्रापर्यंत जाणारा राजरस्ता लागतो. दोन्ही बाजूंना डागडुजी करून रंगवलेली जुनी घरे, खांबांच्या ओसऱ्या, दोन चर्चेस, आणि शेवटी समुद्राच्या तोंडावर डान्सबोर्गचा किल्ला. रस्त्यावर वर्दळ नाही, फेरीवाल्यांचा आरडाओरडा नाही. शहरातून आलेली तरुण जोडपी भिंतींपुढे उभी राहून फोटो काढत होती. एका जुन्या बंगल्याचे हॉटेल झाले आहे. एकंदरीत गाव शांत, नीटनेटके, पाहुण्याला आवडावे असे.

ही शांतता कोणाची, हा प्रश्न तेव्हा मनात आला नव्हता. तो पुढे आला.

इतिहास थोडक्यात असा. डेन्मार्कमध्ये १६१६ साली ईस्ट इंडिया कंपनी निघाली. १६२० साली तिच्या वतीने आलेल्या ओवे गेड्डे याने तंजावरचा राजा रघुनाथ नायक याच्याशी तह केला आणि समुद्रकाठचे हे गाव वार्षिक खंडण्याच्या बोलीवर मिळवले. किल्ला त्याच सुमारास उभा राहू लागला. पुढे १६६० नंतरच्या काळात गावाभोवती कोट बांधण्यात आला. नायकांचे राज्य जाऊन १६७५ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले, आणि डेन लोकांचे जमीनमालक मराठे झाले. १६९९ मध्ये तंजावरच्या मराठी फौजेने या कोटाला वेढाही घातला होता. मद्रासच्या इंग्रजांनी मदत पाठवली म्हणून डेन वाचले. अखेरीस १८४५ साली डेन्मार्कने तरंगंबाडी आणि बंगालमधील श्रीरामपूर ही ठाणी साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांच्या कंपनीला विकली. पुढे रेल्वे नागपट्टिणमला आली, व्यापार तिकडे वळला आणि तरंगंबाडी मागे पडली. ज्या शांततेचे आज कौतुक होते ती अशी व्यापार उठून गेल्याने आलेली आहे.

किल्ल्यातले संग्रहालय, रस्त्यावरचे फलक, जुन्या घरांवरच्या पाट्या यांतून हा इतिहास वाचायला मिळतो. राजे, गव्हर्नर, सेनापती, धर्मोपदेशक यांची नावे मिळतात. एक गोष्ट मात्र, निदान माझ्या तरी, कोठे वाचनात आली नाही. ती मित्राने झायन चर्चच्या सावलीत बसून सांगितली.

डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले दोन जर्मन धर्मोपदेशक, बार्थोलोमेयस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुत्शाउ, ९ जुलै १७०६ रोजी येथे उतरले. भारतातील प्रॉटेस्टंट मिशनचा हा आरंभ. त्सीगेनबाल्ग तमिळ शिकला, त्याने शाळा काढल्या, मुलींसाठीही काढली, छापखाना आणवला, आणि तमिळ नवा करार येथे छापून काढला. त्याचा पुतळा आज राजरस्त्यावर आहे. पण त्याने पहिला बाप्तिस्मा कोणाला दिला? १२ मे १७०७ रोजी, ज्या चर्चच्या सावलीत आम्ही बसलो होतो तेथेच, पाच जणांना. ते पाचही जण कोटाच्या आत राहणाऱ्या डेन लोकांचे गुलाम होते.

वाचकांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ज्या सुंदर घरांच्या ओसऱ्या आज रंगवून ठेवल्या आहेत, त्या घरांत गुलाम होते. वेशीवर जे १७९२ साल आहे, त्याच साली डेन्मार्कच्या राजाने अटलांटिक समुद्रावरील आपला गुलामांचा व्यापार १८०३ पासून बंद करण्याचा हुकूम काढला. युरोपातील अशा पहिल्या हुकुमांत त्याची गणना होते आणि डेन्मार्कला त्याचा मान दिला जातो. तो द्यावा. पण वेस नवी होत होती त्या दिवसांत वेशीच्या आत कोण झाडत होते, पाणी भरत होते, चुना वाहत होते, हे विचारण्याचा अधिकारही आपल्याला आहे.

आता राजनायकनची गोष्ट. तो जातीने परैयर. परै म्हणजे डफासारखे चर्मवाद्य; ते वाजवणाऱ्यांची ही जात, आणि तिच्याच नावावरून इंग्रजीत 'बहिष्कृत' या अर्थाचा शब्द गेला. हलगी आणि मातंग, मेलेले ढोर आणि महार हे नाते ज्यांना ठाऊक आहे त्यांना परैयर म्हणजे कोण हे वेगळे सांगायला नको. राजनायकन तंजावरच्या मराठी राजाच्या फौजेत शिपायांवरचा नायक होता. म्हणजे ज्या भोसल्यांची वंशावळ देवळाच्या भिंतीवर आहे, त्यांच्यासाठी हत्यार धरणारा एक अस्पृश्य सैनिक. तो आधी कॅथलिक होता. तरंगंबाडीत छापलेले पवित्र शास्त्राचे पुस्तक त्याच्या हाती पडले, ते त्याने वाचले, आणि १७२७ च्या सुमारास तो लुथरन मिशनमध्ये आला. पुढे तो उपदेशक झाला. खेड्यापाड्यांतून फिरून त्याने माणसे जोडली. ती जवळजवळ सगळी त्याच्यासारखीच, गावकुसाबाहेरची होती.

१७३३ साली मिशनने पहिल्या तमिळ माणसाला पाळकाची दीक्षा दिली. त्याचे नाव आरोन. तो वेल्लाळ, म्हणजे तेथील शेती बाळगणाऱ्या वरच्या शूद्र जातीतला. १७४० च्या सुमारास दुसरा पाळक नेमायची वेळ आली तेव्हा राजनायकनचे नाव पुढे आले. ज्ञान होते, काम होते, निष्ठा होती. परंतु तो परैयर. त्याच्या हातून वेल्लाळ ख्रिस्ती प्रभुभोजनाचा प्याला घेणार नाहीत, अशी अडचण निघाली. मिशनऱ्यांनी विचार केला, आणि १७४१ मध्ये दीक्षा डियोगो नावाच्या दुसऱ्या वेल्लाळ उपदेशकाला मिळाली. राजनायकन शेवटपर्यंत उपदेशकच राहिला.

राजासाठी त्याने तलवार धरली तर चालते. देवाचे पुस्तक त्याने वाचले आणि वाचून दाखवले तरी चालते. पण त्याच्या हातचा प्याला चालत नाही. मला महाड आठवल्याशिवाय कसे राहील? चवदार तळ्याच्या पाण्याचा प्रश्न १९२७ सालचा. राजनायकन मिशनमध्ये आला त्याला तेव्हा दोनशे वर्षे झाली होती. देश वेगळा, भाषा वेगळी, धर्मही वेगळा. पण पेच तोच, कोणाच्या हातचे कोणी घ्यायचे.

त्सीगेनबाल्गची कबर ज्या चर्चमध्ये आहे ते न्यू जेरुसलेम चर्च १७१८ सालचे. आज तेथे बाके आहेत. मिशनच्या काळात शूद्र ख्रिस्ती आणि परैयर ख्रिस्ती यांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या, आणि प्रभुभोजनाला आधी शूद्र, मग परैयर असा क्रम असे. ही रूढी परदेशी मिशनऱ्यांनी निर्माण केली नाही, हे खरे. पण त्यांनी ती चालू दिली, हेही तितकेच खरे. कोटाच्या आत आणखी एक कोट उभा होता; त्याची डागडुजी करायला कोणा संस्थेची गरज लागली नाही.

येथे पुन्हा तंजावरच्या मराठी दरबाराकडे यावे लागते. सरफोजीराजे (दुसरे) यांना तरंगंबाडी मिशनचा श्वार्ट्झ हा पाद्री पित्यासमान होता. त्याच्या मृत्यूनंतर राजांनी तंजावरच्या चर्चमध्ये त्याचे संगमरवरी स्मारक बसवले. याच श्वार्ट्झचा शिष्य वेदनायकम शास्त्री हा मोठा ख्रिस्ती कवी, सरफोजीराजांच्या दरबाराने आश्रय दिलेला. नव्या पिढीचे मिशनरी तंजावरात आले आणि सर्वांनी एकत्र बसावे, एकत्र प्रभुभोजन घ्यावे असा आग्रह त्यांनी धरला, तेव्हा त्यांच्याविरुद्ध लेखणी उचलली ती या वेदनायकम शास्त्रींनी. १८२९ साली त्यांनी जातिभेद मोडू पाहणाऱ्यांच्या मूर्खपणावर निबंध लिहिला. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधील जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडला पाहिजे असे फर्मान काढले, तेव्हा अनेक वेल्लाळ कुटुंबांनी चर्च सोडण्याची तयारी दाखवली. परैयरांच्या शेजारी बसण्यापेक्षा देव सोडलेला बरा, असा तो हिशेब होता.

मी हे मिशनऱ्यांवर दोष ठेवायचा म्हणून लिहीत नाही. जोतीराव फुले मिशनच्या शाळेत शिकले होते, हे आपण विसरत नाही. राजनायकनच्या हाती छापील पुस्तक आले ते मिशनमुळेच. आणि वाचता आले म्हणूनच त्याला आपले माणूसपण मागता आले. पण माणूस धर्म बदलतो तेव्हा जातही त्याच्याबरोबर उंबरठा ओलांडून आत येते. तिला दारातच अडवणारी योजना हवी. बाबासाहेबांनी ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेत मुक्तीचा मार्ग सांगितला, तेव्हापासून १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ते धर्माची पारख करत राहिले. मिशन आणि अस्पृश्य या विषयावरील त्यांचे जे लेखन मागाहून प्रसिद्ध झाले, त्यात धर्मांतरित अस्पृश्याला चर्चमध्येही जात कशी सुटत नाही याची कठोर चिकित्सा आहे. वीस वर्षे लावून त्यांनी निर्णय घेतला, याचा अर्थ राजनायकनच्या प्याल्याजवळ उभे राहिले की अधिक स्पष्ट कळतो.

आम्ही चर्चच्या आवारातून निघालो तेव्हा एक म्हातारी अम्मा पायरीवर बसली होती. तमिळ ख्रिस्ती चर्चलाही कोविलच म्हणतात, देऊळ. मित्राने तिची विचारपूस केली. तिचा नातू महाविद्यालयात आहे. ती म्हणाली, "कोविलात त्याचे नाव एक आहे, कागदावर दुसरे. कागदावर आम्ही हिंदू आहोत. नाहीतर त्याला फी कुठून भरू?" मित्राने मला भाषांतर करून सांगितले आणि तो गप्प झाला.

या अम्माच्या दोन नावांमागे राष्ट्रपतींचा १९५० चा अनुसूचित जाती आदेश आहे. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हिंदूंखेरीज इतर धर्माच्या व्यक्तीला अनुसूचित जातीची गणली जाता येत नव्हते. १९५६ मध्ये शीख त्यात आले. आपण बौद्ध त्यात आलो ते १९९० साली, म्हणजे धम्मदीक्षेनंतर तब्बल चौतीस वर्षांनी. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेरच राहिले. त्यांचा प्रश्न तपासण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. ज्या चर्चने राजनायकनला परैयर म्हणून प्याला नाकारला, त्याच चर्चमध्ये जातो म्हणून त्याच्या वारसाला कायदा परैयर मानत नाही. जात सोसायची तेव्हा आहे, हक्क मागायचा तेव्हा नाही. आपल्या बांधवांनी चौतीस वर्षे हाच अन्याय भोगला. तेव्हा या प्रश्नावर 'तो त्यांचा प्रश्न' असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कारैकाल ओलांडून नागपट्टिणमला गेलो. तरंगंबाडीत जुनी घरे किती निगुतीने जपली आहेत हे पाहून आलो होतो, म्हणून मित्राने मुद्दाम येथे थांबवले. या बंदरात चोळांच्या काळी, राजराजाच्या परवानगीने, श्रीविजयच्या राजाने बांधवलेला चूडामणी विहार होता. त्याचा म्हणून ओळखला जाणारा एक उंच मनोरा एकोणिसाव्या शतकापर्यंत उभा होता. समुद्रावरून येणाऱ्या गलबतांना तो खूण म्हणून दिसे. १८६७ साली सरकारी परवानगीने जेझुइट पाद्र्यांनी तो पाडला. त्या परिसरातून बुद्धाच्या शेकडो धातुमूर्ती निघाल्या. पुष्कळशा चेन्नईच्या संग्रहालयात आहेत. मूर्ती काचेआड गेल्या, विहार जमीनदोस्त झाला. पुढे १८९८ मध्ये अयोत्तिदास पंडितांनी परैयर समाजाला बुद्धाकडे परत नेण्याचे काम हाती घेतले. नागपूरच्या दीक्षेपूर्वी अठ्ठावन्न वर्षे! आपण महाराष्ट्रातले लोक त्यांचे नाव किती घेतो?

जतन करणे ही नेहमी निवड असते. काय ठेवायचे आणि काय पाडायचे हे कोणीतरी ठरवते. डेन गव्हर्नरचा बंगला राहतो, बुद्धाचा मनोरा पडतो. यात चुन्याचा आणि विटांचा दोष नाही.

नागपट्टिणमच्या पुढे भातखाचरांतून रस्ता कीळवेण्मणीला जातो. कावेरीच्या या मुलखातील जमीनमालकाला मिरासदार म्हणतात, आपल्याकडचाच शब्द. त्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबणारा बांधील मजूर म्हणजे पण्णैयाळ, बहुतेक दलित. तरंगंबाडीच्या कोटाच्या आत जो भात शिजत होता तो अशाच हातांनी लावलेला होता. १९५२ साली पण्णैयाळांच्या रक्षणाचा कायदा झाला, पण मजुरी मागायला संघटनाच लागली. लाल बावट्याखाली संघटित झालेल्या शेतमजुरांनी कापणीची मजुरी थोडे अधिक भात अशी वाढवून मागितली. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री जमीनदारांच्या माणसांनी दलित वस्तीवर हल्ला केला. जीव वाचवायला एका छोट्या झोपडीत शिरलेल्यांना बाहेरून कडी घालून जाळण्यात आले. चव्वेचाळीस माणसे, बहुतेक बायका आणि मुले. खालच्या न्यायालयाने काही आरोपींना शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने त्यांना सोडले. मोटारी बाळगणारे श्रीमंत जमीनदार स्वतः पायी जाऊन आग लावतील हे संभवत नाही, असा त्या निकालातला एक विचार होता.

हा वर्गाचा लढा की जातीचा, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. मजुरी मागितली म्हणून जाळले, हे खरे; पण जाळता आले ते मागणारे दलित होते म्हणून, हेही खरे. यातील एकच अर्धा भाग सांगणाऱ्यांपासून आपण सावध राहावे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली. तिचे नाव १९८२ मध्ये तमिळनाडूत पोहोचले आणि तेथे 'विडुदलै चिरुत्तैगळ', मुक्तीचे चित्ते, म्हणून रुजले. कीळवेण्मणीच्या माणसांना आपले नाव ठाऊक आहे. आपल्याला त्यांचे किती ठाऊक आहे?

स्मारकावर चव्वेचाळीस नावे कोरलेली आहेत. मला तमिळ लिपी येत नाही. मित्राने एकेक नाव वाचले आणि मी ते देवनागरीत वहीत उतरवून घेतले. काही नावांपुढचे वय ऐकून हात थांबत होता. तंजावरच्या भिंतीवर मला माझी लिपी सापडली होती आणि मी अभिमानाने वाचत होतो. येथे लिपी परकी होती आणि माणसे माझी होती.

परतताना मित्राने २००४ च्या त्सुनामीची आठवण काढली. २६ डिसेंबरच्या त्या लाटेत नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसे गेली. समुद्राने जात पाहिली नाही. परंतु मदत छावण्यांत ती पाहिली गेली. दलितांना वेगळे काढले गेले, अन्नपाण्याच्या वाटपात मागे ठेवले गेले, असे अहवाल तेव्हा प्रसिद्ध झाले. तरंगंबाडीतील जुन्या वास्तूंच्या जतनाला मोठा वेग आला तो याच त्सुनामीनंतर.

तरंगंबाडीला कोणी जाऊ नये असे मी म्हणणार नाही. अवश्य जावे, गाव सुंदर आहे आणि ज्यांनी वास्तू जपल्या त्यांनी कष्ट घेतले आहेत. पण आपल्या विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी जाताना पाच गुलामांची आणि एका उपदेशकाची गोष्ट बरोबर घेऊन जावे. इतकेच नव्हे, तर आपल्या जिल्ह्यातही किल्ले दुरुस्त होत आहेत, वाडे रंगवले जात आहेत, फलक लागत आहेत. त्या किल्ल्यांच्या मेटांवर पहारा देणारे रामोशी, महार, मांग, कोळी कोण होते, त्यांची वस्ती कोठे होती, त्यांना पाणी कोठले मिळत होते, हे तेथील म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढावे. हे काम सरकारी खाते आपल्यासाठी करील या भरवशावर राहू नये. मित्राने शिलालेखासमोर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी अजून देऊ शकलेलो नाही. वहीत मात्र चव्वेचाळीस नावे आहेत, आणि त्यांच्यावर, पहिल्या ओळीत, मी राजनायकनचे नाव लिहिले आहे.